दादा, इंग्रज आणि बेसचा बॉक्स

मिलिंददादा गेला, आणि आज त्याच्याच कार्यक्रमाला माईक दुसऱ्या माणसाने लावला.

नाशिक रोडच्या जुन्या लोकांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. माझा मोठा भाऊ. साउंड सर्व्हिसवाला. लग्न, साखरपुडा, जयंती, कुणाची रिटायरमेंट, मांडव पडला की दादाचा टेम्पो हजर. सोबत त्याचा पार्टनर अन्वरभाई.

बाकीचे साउंडवाले "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" करायचे.

दादा कॅसेट लावायचा. इंग्लिश. त्यातलं एक गाणं म्हणजे कॅसेटची अख्खी एक बाजू.

नव्वदच्या आसपास स्टेशनजवळच्या कॅसेटवाल्याकडून त्याने ती आणली. का आणली, ते त्यालाही सांगता यायचं नाही. शब्द एक कळायचा नाही. पण मला म्हणायचा, "सुजे, ह्या एका गाण्यात सगळं आहे. आधी कुजबुज, मग गडगडाट. हे नीट वाजलं ना, तर आपला बॉक्स काहीही वाजवेल."

बँडचं नाव त्याला कधी धड म्हणता आलं नाही. म्हणून आमच्या घरात ते "इंग्रज."

वडील म्हणायचे, "देशाने घालवले आणि ह्याने घरात आणून बसवले."

गिटार सुरू होतं न होतं तोच नवरीचे वडील धावत यायचे. "अहो, सनई लावा सनई!" मग दादा नाइलाजाने कॅसेट बदलायचा.

आमच्या कॉलनीतल्या पोरांना ते गाणं पाठ होतं, पण निम्मंच.

पुढे इंग्रज थांबले. वर्षानुवर्षं नवीन काही नाही. दादा म्हणायचा, बरं झालं. "माणसाने म्हातारपणी परत येऊ नये. आवाज फाटतो."

मग मी नोकरीला पुण्यात गेले.

दोन हजारनंतरची गोष्ट. सीडीच्या दुकानात सहज चाळत होते आणि एकदम ते नाव दिसलं. कव्हरच्या मागच्या बाजूला पांढऱ्या केसांचे चार-पाच म्हातारे. मला वाटलं, जुनीच गाणी नव्या डब्यात. नीट वाचलं तर सगळी नवी.

मी तिथूनच दादाला फोन लावला.

"दादा, इंग्रज परत आलेत."

तो म्हणाला, "नावं वाच."

मी वाचत गेले. गाणारा तोच. गिटारवाला तोच. ड्रमवाला तोच.

"आणि बेसवाला?"

बेस गिटारला नवीनच नाव होतं. जुनं नाव अगदी खाली होतं, एकटं. "याच्या स्मरणार्थ" असं लिहून.

दादा "ये घेऊन," म्हणाला आणि फोन ठेवला.

शनिवारी मी सीडी घेऊन घरी. वाटलं, लगेच लावेल. त्याने नुसती उलटसुलट करून बघितली. खरं सांगू? घाबरला होता. आपली माणसं बिघडून परत आली असतील तर काय, ही भीती होती त्याला.

"उद्या पिंपळगावला लग्न आहे. तिथे बॉक्सवर ऐकू. घरच्या प्लेअरवर नको," एवढंच म्हणाला.

पिंपळगाव बसवंत. द्राक्षवाल्या बागाईतदाराच्या मुलीचं लग्न, दणदणीत मांडव. सकाळी सगळं उभं करून दादाने सीडी लावली. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. अन्वरभाई माझ्याकडे बघून हसला. म्हातारे फाटले नव्हते.

तिसरं गाणं लागलं आणि बेसचे बॉक्स मेले.

वरचं सगळं वाजतंय, खालचा जाड आवाज गायब. दादाने वायर बदलली. ॲम्प्लिफायर बदलला. शेवटी पाना घेऊन बॉक्सच उघडायला बसला. अन्वरभाई डोक्याला हात लावून.

तेवढ्यात नवरीचा मामा आला. "ओ साउंडवाले, नवरदेव मारुतीला आला अन् तुमचं डबडं अजून उघडंच हाय?"

"दोन मिनटं, मामा," म्हणत दादा बॉक्समध्ये डोकं घालून.

आणि चौथं गाणं सुरू झालं. बेस धाडकन आला. दादाच्या तोंडावरच.

तो तसाच खाली बसून राहिला. मग उठला आणि तिसरं गाणं पुन्हा लावलं. डोळे मिटून ऐकलं. सगळे वाजवत होते, पण मध्ये बरोबर एका माणसापुरती जागा सोडून.

"सुजे," तो म्हणाला, "वायर ठीक आहे गं. त्यांनी त्याची जागा भरलीच नाही."

माझा भाऊ भर मांडवात रडला. मग मामांनीच हळू आवाजात विचारलं, "आता सनई लावता का?"

तेव्हापासून टेस्टिंगला हेच गाणं. बॉक्स तपासायला अगदीच कुचकामी. अन्वरभाई किती वेळा म्हणाला, "अरे, ह्यात बेसच नाही तर टेस्ट काय करणार?" दादा ऐकायचा नाही.

आज सकाळी त्याच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम होता. येणारा प्रत्येक जण अन्वरभाईला तेच सांगत होता. आता एकट्याने झेपणार नाही, मिलिंदच्या जागी कुणीतरी ठेवा. अन्वरभाई नुसता मान हलवत होता. मला ते सगळं ऐकवत नव्हतं.

माईक लावून झाला. अन्वरभाई हॅलो म्हणाला नाही. त्याने ती सीडी लावली. तिसरं गाणं.

बेसचे बॉक्स गप्प.

दादाचा जावई बिचारा लगबगीने उठला. वायर बघायला निघाला.

अन्वरभाईने त्याचा हात धरला. "बसा जावईबापू. वायर बरोबर हाय."

या वेळी सनई मागायला कुणी आलं नाही. गाणं शेवटपर्यंत वाजलं.

दादा, नीट जा. आम्हा सगळ्यांचा, आणि तुझ्या इंग्रजांचाही, तुला निरोप.