अर्लीनचा भाऊ

डॉर्सी पेटवेची बहीण म्हणून अर्लीनला सगळा अलाबामा ओळखायचा. तिचं स्वतःचं नाव मात्र आम्हा शेजाऱ्यांनाच ठाऊक. आई लवकर गेली, तेव्हा कापडगिरणीत मागावर उभं राहून तिनं या धाकट्याला वाढवलं. पुढे अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू काखेत मारून, अंगावर येणाऱ्या धिप्पाड गड्यांना डोक्यानं धडका देत तो असा पळू लागला, की रविवारी चर्चमधलं प्रवचन लांबलं तर सामना चुकेल म्हणून लोक पाद्रीबाबांकडे डोळे वटारून बघायचे.

त्याच धडकांनी पन्नाशीत त्याचं डोकं पोखरलं. बायको सोडून गेली. अर्लीननं त्याला घरी आणलं. तो गॅस तसाच चालू ठेवायचा, बूट फ्रिजमध्ये ठेवायचा, कधी तिच्यावरच हात उगारायचा.

पाहुणे मात्र येतच राहिले. नट, गायक, टीव्हीवरची माणसं. "यांना बघतच मी लहानाचा मोठा झालो!" म्हणत त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढायचे. अर्लीन आधीच त्याची दाढी करून, इस्त्रीचा शर्ट चढवून त्याला ओसरीत बसवायची. याला आंघोळ कोण घालतं, हे एकानंही विचारलं नाही.

"बंद कर की गं हा तमाशा," मी एकदा म्हणाले.

"तेवढ्यापुरता तो हसतो," ती म्हणाली.

मग कॉर्बिन लॅशली आला. मोठा नट. गावच्या शाळेच्या मैदानावर त्याला डॉर्सीबरोबर चित्रण करायचं होतं. अर्लीन म्हणाली, "साहेब, काय हवं ते करा, पण त्याच्या हातात चेंडू देऊ नका."

"अहो ताई, एकदाच! लोकांना बरं वाटेल."

त्यानं चेंडू फेकला. डॉर्सीनं तो झेलला आणि त्याची नजरच पालटली. मान खाली घालून तो धावत सुटला. लोकांनी शिट्ट्या मारल्या, लॅशली टाळ्या पिटत राहिला. "अरे, धरा त्याला!" अर्लीन किंचाळली. तो सरळ गोलच्या लोखंडी खांबावर आदळला.

खुब्याचं हाड मोडलं. अंथरुणाला खिळला, न्यूमोनिया झाला, आणि गेला. इकडे लॅशलीनं डॉर्सी आदळण्याआधीपर्यंतचं चित्रण देशभर फिरवलं होतं. खाली लिहिलं होतं, "सिंह म्हातारा झाला तरी सिंहच!"

अंत्यविधीला पुढचा बाक पाहुण्यांसाठी राखलेला. दारावरच्या परक्या पोरानं अर्लीनला मागे बसायला सांगितलं. "मी बहीण आहे त्याची," ती म्हणाली, तरी तो आत विचारायला गेला. ती मागेच बसली.

लॅशली बोलायला उभा राहिला. रडला, अश्रू खरे होते. "मला ते वडिलांसारखे होते," तो म्हणाला.

अर्लीन उठली. "मी सांगितलं होतं ना, चेंडू देऊ नका म्हणून?"

कुणीतरी गाणाऱ्यांना खूण केली, आणि ते मोठमोठ्यानं गाऊ लागले.

आजही लोक तिच्या दाराशी येतात, त्याची खोली बघू द्या म्हणतात. ती दार उघडत नाही. परवा आम्ही दोघी तिच्याकडे चवळीच्या शेंगा सोलत बसलो होतो. मी लॅशलीला शिव्या घालत होते.

"त्याला सोड गं," ती म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलं, गेला म्हणून, तेव्हा मला आधी हायसं वाटलं. हे मी कुणाला सांगू?"