मी दिलेला जबाब

आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत चार वर्षं एक बंगाली कुटुंब भाड्यानं राहत होतं. नवरा फरशी बसवायचा. पाथरी, ताडकळस, जिथं बांधकाम निघेल तिथं मोटारसायकलवर जायचा. बायको घरी असायची, मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला होती. मला डेंग्यू झाला तेव्हा परभणीच्या दवाखान्यात तीन दिवस माझ्या खाटेजवळ तोच बसून होता, कारण माझा मुलगा पुण्याहून येईपर्यंत दुसरं कुणी नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं सांगताना मी ते गाळीन.

गेल्या वर्षी बांगलादेशी शोधण्याची धरपकड सुरू झाली. आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज काहीतरी यायचं. एकानं लिहिलं, अशांना ठेवून घेणाऱ्या घरमालकांनाही आत टाकणार. ते मी दोनदा वाचलं.

एका सकाळी दोन शिपाई आले आणि त्याला चौकशीला घेऊन गेले. आधार कार्ड चालत नाही, बापाच्या जन्माचा पुरावा लागेल, असं म्हणाले. दुपारी मला ठाण्यातून फोन आला. बोलणारा अदबीनं बोलत होता.

"सर, हा माणूस तुमच्या वळखीचा हाय का? मूळचा कुठला, काई म्हाईत?"

"भाडेकरू आहे," मी म्हणालो. "बाकी काही माहीत नाही. ओळख म्हणावी अशी नाही."

"मग तेवढं येऊन लिहून द्या."

मी गेलो आणि लिहून दिलं. तीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस मी. जबाबात ऱ्हस्वदीर्घाची एक चूक नव्हती. तो ठाण्याच्या व्हरांड्यात बाकावर बसला होता. मला पाहून उठून उभा राहिला. मी त्याला सोडवायला आलोय असं त्याला वाटलं. मी चष्मा पुसत त्याच्यासमोरून निघून आलो.

तिसऱ्या दिवशी दोघं जण त्याच्या बायकोला भेटायला आले. एक परभणीच्या वकीलबाई, दुसरे रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. कुणी सांगितलेलं नसताना ही माणसं अशा कुटुंबांचे कागद गोळा करत फिरत होती. त्यांचं बोलणं ऐकत मी दारात उभा होतो. एकदम म्हणालो, "मीपण येतो तुमच्यासोबत."

आणि मी खरंच राबलो. शाळेतून मुलगी तिथं शिकत असल्याचा दाखला आणला. बंगालमधल्या त्याच्या ग्रामपंचायतीला मोडक्यातोडक्या हिंदीत रोज फोन केले, त्याच्या आजोबांच्या जमिनीचा उतारा शोधायला लावला. गार्डसाहेब एकदा म्हणाले, "सर, घरमालक असून तुमी एवढं करायलात. अशी माणसं लय कमी हायेत." मी खाली मान घातली. त्यांना तो विनय वाटला असेल. त्याची बायको मला चहा द्यायची, वर विचारायची, "काका, साखर कमी तर नाही?"

आठवड्यानं वकीलबाईंना चौकशीच्या कागदांची नक्कल मिळाली. मागच्या खोलीत, त्याच्या बायकोसमोर, सतरंजीवर बसून त्या मोठ्यानं वाचत होत्या. "घरमालकाचा जबाब. सदर इसमाशी माझी ओळख नाही, तो मूळचा कुठला..." खाली माझी सही दिसली तशा त्या थांबल्या.

त्याच्या बायकोला बाकीचं किती कळलं कोण जाणे, पण तेवढं कळलं.

"काका, तुम्ही आम्हाला ओळखत नाही?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. मी म्हणालो, "फोनवर घाईघाईत तसं निघून गेलं." म्हणजे तिथंही खोटंच बोललो.

गार्डसाहेबांनी कागद मिटले. "झालं ते झालं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आता खरं काय ते लिहून द्या."

दुसऱ्या दिवशी मी नवा जबाब घेऊन ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारलं, "सर, यातला खरा कोणता समजायचा?" तोवर त्याला पकडलेल्या लोकांना ठेवायच्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रात हलवलं होतं. सीमेवर न्यायच्या यादीत त्याचं नाव होतं.

शेवटी तो सुटला, पण माझ्या जबाबामुळं नाही. आजोबांचा उतारा आणि वडिलांचं नाव असलेली जुनी मतदार यादी आली, आणि वकीलबाईंनी कोर्टाची पायरी सोडली नाही, म्हणून. महिन्याभरानं तो परत आला तेव्हा त्याचा सदरा अंगावर लोंबत होता. आठ दिवसांत त्यांनी खोल्या रिकाम्या केल्या.

निघताना तो किल्ली द्यायला आला. काय बोलायचं ते मी मनात जुळवून ठेवलं होतं. पण मी विचारलं, "गाडी किती वाजता आहे?"

त्यानं वेळ सांगितली. "सर, तब्येत सांभाळा," म्हणाला. त्याची बायको रिक्षात बसली होती. मुलीनं माझ्याकडे बघून हात हलवला, तसा तिच्या आईनं तो धरून मांडीवर ठेवला.

मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला राहून गेला होता. तो मी शाळेतून आणून रजिस्टर पोस्टानं त्यांच्या गावी पाठवला. सोबत एक चिठ्ठी लिहायला घेतली होती. तीन वेळा फाडली आणि नुसताच दाखला पाकिटात घातला.