कडू घास कोण आणेल?

नलिनीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाला पीव्हीसी पाइप कापून देत होतो. फोन दौंडहून होता, त्यांच्या शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईंचा. सकाळी दूधवाल्यानं बेल वाजवली, दार उघडेना. दुसऱ्या किल्लीनं उघडलं तर ताई खुर्चीतच... "तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये 'सणसवाडी घरमालक' असा आहे," त्या बाई चाचरत म्हणाल्या, "कळवावं की नाही समजेना." मी म्हटलं, बरं केलंत. शटर ओढलं, घरी आईला सांगितलं आणि गाडी काढली. ताईंनी आमची खोली सोडून कितीतरी वर्षं झाली होती, पण त्यांच्या फोनमध्ये मी अजून घरमालकच होतो. मला त्याचं वाईट वाटलं नाही. माणसाच्या नावापेक्षा त्याच्याशी आपला धागा कोणता, हेच टिपून ठेवायची त्यांना सवय होती.

त्या समाजशास्त्राच्या प्राध्यापक. पुण्याच्या एका कॉलेजात शिकवायच्या आणि रजा काढून आमच्याकडे संशोधनाला आल्या होत्या. सणसवाडीत कंपन्या आल्या तेव्हा हायवेलगतच्या आमच्या ज्वारीच्या रानात आम्ही पत्र्याच्या खोल्यांच्या ओळी उभ्या केल्या. बिहार, ओडिशा, मराठवाडा, जिथून येतील तिथून कामगार येत आणि एकेका खोलीत चौघं-पाचजण राहत. अशा ओळीत शेवटची खोली मागायला सुती साडीतली, चष्मा लावलेली बाई आली तेव्हा मला वाटलं कुठल्यातरी कंपनीची इन्स्पेक्टर असावी. म्हटलं, "मॅडम, पुण्यात घर असताना इथं कशाला?" तर म्हणाल्या, "शेजार कसा तयार होतो ते बघायचंय." मी हसलो. शेजार हा असतोच, तो काय तयार व्हायची वस्तू आहे? त्यांना मात्र तो प्रश्न लहानपणापासून चिकटलेला. वडील रेल्वेत गार्ड, त्यामुळे त्या दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढल्या. तिथं प्रत्येक घर दुसऱ्या गावाहून आलेलं, आणि बदली झाली की रात्रीतून रिकामं होणारं. आज ज्यांच्याकडे जेवलो ते उद्या भुसावळला, असं त्यांचं बालपण.

त्यांचं काम सोपं दिसे. घरोघर जायचं, अडीअडचणीला कोण धावून येतं ते विचारायचं आणि मग कागदावर प्रत्येक घराचं एक टिंब काढून टिंबांमध्ये रेघा ओढायच्या. जिथं रेघा दाट, तिथं माणसं श्रीमंत, मग खिशात काही असो-नसो, असं त्यांचं म्हणणं. पण गावात पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. कोण धावून येतं, असं विचारलं की जो तो छाती पुढं काढून सांगे, "समदं गाव येतंय की!" सगळ्यांना सगळ्यांच्या रेघा. असा कागद काय कामाचा? तेव्हा ताईंनी प्रश्न बदलला. आमच्याकडे घरात माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. माती झाल्यावर भावकीतलं नाहीतर शेजारचं कुणीतरी पिठलं-भाकरी आणतं आणि घरच्यांना बळंच दोन घास खायला लावतं. त्याला कडू घास म्हणतात. ताई सरळ विचारू लागल्या, तुमच्याकडे कडू घास कोण आणेल? आता इथं थापा चालत नाहीत. माणूस थांबतो, आठवतो, एकदोन नावं घेतो, आणि ज्याचं नाव घ्यायला हवं होतं ते टाळतो.

प्रश्न अचूक होता, पण विचारायला वाईट. आमचे एक आप्पा, नुकतेच दवाखान्यातून घरी आलेले, खाटेवर बसून चहा पीत होते. त्यांच्या अंगणात ताईंनी हा प्रश्न टाकला. आप्पांनी बशी खाली ठेवली. "बाई, तुम्ही माझ्या मरायची वाट बघाया आलाय व्हय?" ताईंनी शांतपणे सांगितलं की हा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात. आप्पा म्हणाले, "मंग आधी त्यास्नी इचारा, माझा नंबर लै मागं हाय." ही गोष्ट ताई पुढं वर्गात रंगवून सांगत, असं त्यांचे विद्यार्थी म्हणतात.

खोल्यांमध्ये वेगळीच तऱ्हा. तिथं उत्तर एकच, "कोई नहीं, मैडम." आणि घरमालक? त्यावर लोक नुसते हसत. आमची आणि त्यांची भिंत एक, पाण्याची टाकी एक, पण पोटाला काही द्यायचं-घ्यायचं नाही. आई खोल्यांमधलं शिजलेलं कधीच घेत नसे, आणि त्यात काही गैर आहे असं आम्हाला कुणाला वाटतही नसे. ताईंचा स्वतःचा नियम तर याहून कडक. जिथं अभ्यास करायचा तिथं कुणाचं मिंधं व्हायचं नाही, नाहीतर आपलंच टिंब कागदावर येतं. आई त्यांना कालवण पाठवायची, कारण बाई एकटी. ताई वाटी स्वच्छ घासून, रिकामी परत करायच्या. आमच्यात रिकामी वाटी परत करणं म्हणजे पुन्हा पाठवू नका असं सांगणंच. आई धुसफुसायची, "शिकल्याली हाय, पर एवढं कळंना व्हय?" तरी पाठवायची मात्र थांबली नाही.

त्याच साली मधल्या ओळीतला एक पोरगेला कामगार कंपनीच्या गाडीवरून येताना हायवेवर अपघातात गेला. त्याचा भाऊ शेजारच्या खोलीत राहायचा. देह गावी न्यायची सोय होईना, म्हणून भीमेच्या काठीच सगळं उरकलं. संध्याकाळी आईनं भाकरी थापल्या, पिठलं केलं आणि काही न बोलता त्या भावाच्या दारात डबा ठेवून आली. गावातली कुणी बाई खोल्यांमध्ये कडू घास घेऊन गेल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं. ताई दारात उभ्या राहून पाहत होत्या. दुसऱ्या दिवशी तो भाऊ डबा परत घेऊन आला, काठोकाठ साखर भरून.  दुखवट्याच्या घरातली साखर! आपल्याकडे कुणी असं करत नाही. तो हात जोडून उभा, आई डब्याला हात लावेना. शेवटी ताईंनीच सांगितलं, "वहिनी, त्याच्या घरी भांडं रिकामं परत करत नाहीत. त्याला एवढंच ठाऊक आहे."  आईनं डबा घेतला आणि पुटपुटली, "एक रिकामं धाडती, एक नको तवा भरून धाडतो. काय करावं मानसानं?" ती साखर आठवडाभर फळीवर पडून होती. नंतर आईनं ती चहात घातली, आम्हाला न सांगता. आणि त्या महिन्यात ताईंकडून वाटी परत आली तिच्यात चार लिंबं होती. आईनं लिंबांचं लोणचं घातलं.

पुढं ताईंनी या पाहणीवर पुस्तक लिहिलं, त्यात मात्र खोल्यांना शेजार नाही हा निष्कर्ष होता तोच राहिला. एका डब्यावरून शेजार सिद्ध होत नाही, असं त्या म्हणत. निवृत्तीनंतर त्या दौंडला फ्लॅट घेऊन राहिल्या. लग्न केलं नव्हतं, भाऊ आधीच गेलेला. यंदा दिवाळीनंतर मी सहज भेटायला गेलो होतो. बोलता बोलता गंमत म्हणून विचारलं, "ताई, सगळ्या तालुक्याला विचारलंत. तुमचं उत्तर काय?" त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "माझं उत्तर कोरं." मी म्हटलं, "असं कसं? शेजारी चांगले आहेत की." "चांगलेच आहेत. भाकरी आणतीलही. पण कडू घास गेलेल्या माणसासाठी नसतो, मागं उरलेल्यांसाठी असतो. माझ्यासाठी कुणाच्या घरातली चूल थांबणार आहे? आणायला माणसं आहेत, खायला कुणी नाही." कुठं खंत नाही, दुखणं नाही. पाहणीतला आकडा वाचून दाखवावा तसं सांगितलं आणि विषय बदलला. मला मात्र त्या दिवशी परत येताना वाटेतल्या न्हावऱ्यापर्यंत काही सुचत नव्हतं.

आणि दौंडला झालं अगदी त्यांच्या म्हणण्यासारखं. भाचा सोलापूरहून आला, भला माणूस, नदीवर सगळं नीट केलं. चार विद्यार्थी, इमारतीतली माणसं, मी. परत आल्यावर शेजारच्या बाई खरंच डबा घेऊन आल्या आणि दारात थबकून म्हणाल्या, "घरचं कोण आहे?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. भाच्यानं उभ्या उभ्या एक तुकडा मोडला, त्याला गाडी गाठायची होती. विद्यार्थ्यांनी नको नको म्हटलं. बाई डबा घेऊन परत गेल्या. पाहणारा म्हणून मी ते पाहिलं. ताई असत्या तर त्यांनीही तसंच पाहिलं असतं, असं मनाला सांगत गाडी चालवत आलो.

घरी पोचलो, बाहेरच्या नळावर अंघोळ केली आणि आत गेलो तर स्वयंपाकघर थंड. बायको हळू आवाजात म्हणाली, "आईंनी सकाळपासून गॅस पेटवू दिला नाही. पोरांना बिस्किटं दिलीत." मी आईजवळ बसलो. "आई, अगं, त्या आपल्या कोण?" आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी वेडंवाकडं विचारलंय. "कोण म्हंजी? आपल्यात ऱ्हात व्हती ती. माती झाल्याबिगर चूल कशी पेटवू?" माती झाली, मी म्हटलं. आता पेटव. ती उठली नाही.

तेवढ्यात मागच्या दारात खोल्यांच्या ओळीतली सुनीतादेवी आली. तिला इथं येऊन तीनेक वर्षं झाली असतील. नलिनीताईंना तिनं पाहिलेलंही नाही. हातात झाकलेलं पातेलं. "माताजी, आज आपके यहाँ कुछ पका नहीं," ती म्हणाली, "बहू ने बताया कोई गुज़र गया. खिचड़ी है." बायको माझ्याकडे बघू लागली, मी आईकडे. खोल्यांमधलं शिजलेलं आईनं आजवर तोंडाला लावलेलं नव्हतं. आईनं पदर सावरला आणि म्हणाली, "दे." ताट घेतलं, एक घास खाल्ला, मग दुसरा. तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते पुसतही नव्हती.

दौंडला मी रडलो नव्हतो. इथं रडलो, आणि ताईंचा रागही आला. साऱ्या आयुष्यात एवढं एकच उत्तर त्यांनी चुकीचं लिहिलं, आणि ते खोडायला त्या राहिल्या नव्हत्या. आईनं ताट माझ्याकडे सरकवलं. "अळणी हाय," ती म्हणाली, "पर खा."