वयासाठी तिसरा रकाना

परब बाईंची आणि माझी पहिली भेट अंधेरी पूर्वेच्या निर्यात वसाहतीत झाली. हे दशक तेव्हा नुकतेच सुरू झाले होते आणि मी तिथल्या एका कंपनीत नोकरीच्या मुलाखतीला गेलो होतो. टाय लावलेले दोन साहेब इंग्रजीत प्रश्न विचारत होते. कोपऱ्यात सुती साडीतल्या, पन्नाशीच्या एक बाई गप्प बसल्या होत्या. साहेबांचे आटोपल्यावर त्यांनी मला कोरा कागद दिला आणि सांगितले, की इस्पितळात येणाऱ्या रोग्यांची नोंद कॉम्प्युटरवर ठेवायची आहे, कशाला किती जागा सोडशील ते आखून दाखव. मी नावासाठी, पत्त्यासाठी भरपूर रकाने आखले. वयासाठी दोन आखले. एका रकान्यात एक आकडा, म्हणजे नव्याण्णवपर्यंतची सोय झाली.

बाईंनी कागद पाहिला. "वयाला दोनच? तुमच्या घरात कुणी शंभरी गाठलेली दिसत नाही."

"नाही बाई," मी म्हणालो. "आमच्याकडे साठी गाठली तरी पुष्कळ झालं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितले, पेन्सिल घेतली आणि माझ्या दोन रकान्यांना चिकटून तिसरा आखला. "मग तर जागा ठेवायलाच हवी," त्या म्हणाल्या. साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. चार दिवसांनी मला नोकरीचे पत्र आले.

या गौरवग्रंथाच्या संपादकांनी कळवले आहे, की लेख आटोपशीर असावा आणि आठवणी गोड असाव्यात. आटोपशीरपणाचे बघतो, गोडाचे माझ्याच्याने जमणार नाही. बाईंच्या शिष्यांपैकी बहुतेक जण आज परदेशात आहेत. त्यांच्या उत्साहामुळेच हा ग्रंथ निघतो आहे आणि त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. पण इथे काय घडले ते इथे उरलेल्याने लिहायचे असते. मी उरलो यात माझा काही मोठेपणा नाही. आई अंथरुणाला खिळली होती म्हणून राहिलो, एवढेच.

श्रीमती कुसुमताई परब यांचे बालपण घाटकोपरच्या चाळीत गेले. वडील मालवणकडचे, गिरणीत कामाला. गणितात एम.ए. होऊन बाईंनी विलेपार्ल्याच्या एका कॉलेजात काही वर्षे शिकवले आणि मग सगळ्यांनी वेड्यात काढले असताना ती कायमची नोकरी सोडून त्या कॉम्प्युटरच्या पंच कार्डांना भोके पाडायला शिकल्या. आमच्या कंपनीत त्या आल्या तेव्हा त्यांच्याइतका अनुभव तिथल्या एकाही साहेबाला नव्हता. तरीही त्यांचे पद शेवटपर्यंत 'प्रशिक्षण प्रमुख' हेच राहिले. साहेब बदलत गेले. प्रत्येक नवा साहेब बाईंच्याच हाताखालून गेलेला असे.

ज्यांना त्या वसाहतीची माहिती नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. आमचे यंत्र परदेशातून आणलेले होते आणि सरकारने ते एकाच अटीवर आणू दिले होते, ती म्हणजे त्याच्यावर परदेशाचेच काम व्हावे. थंडगार खोलीत ते बसलेले असे, बाहेर पंख्याखाली आम्ही. वीज इथली, पाणी इथले, डोकी इथली. फक्त इथले काम त्याला वर्ज्य होते.

त्या यंत्राची वेळ नवशिक्यांच्या वाट्याला येत नसे. म्हणून बाईंनी एक रीत पाडली होती, तिला आम्ही हातचालवणी म्हणत असू. प्रोग्रॅम आधी टेबलावर चालवायचा. एकाने यंत्र व्हायचे, दुसऱ्याने त्याला माहिती द्यायची आणि यंत्र झालेल्याने कागदावर लिहिले असेल तेवढेच करायचे, पदरची अक्कल वापरायची नाही. मी यंत्र झालो की चूक दिसताच ती मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जात असे. बाई लगेच पकडत. "कांबळे, तू विचार करतोयस. यंत्राला तेवढा शहाणपणा नसतो रे." आजही कुणी मान खाली घालून हुकूम पाळताना दिसला की मला ते टेबल आठवते.

आणि प्रत्येक हातचालवणीचा शेवट गोदूआजीने व्हायचा. ही गोदूआजी खरोखरची. बाईंच्या चाळीत तळमजल्यावर एकटी राहायची. आडनाव तिचे तिलाच आठवत नसे, जन्मतारीख कुणाला माहीत नव्हती आणि वय, चाळीतल्या जाणत्यांच्या हिशेबाने, शंभराच्या पुढे. एकदा तिला ताप भरला आणि शाळकरी कुसुम तिला हाताला धरून इस्पितळात घेऊन गेली. खिडकीवरच्या कारकुनाने आडनाव विचारले, ते नव्हते. वय विचारले. शंभराच्या वर सांगितल्यावर तो म्हणाला, थट्टा करू नकोस, नीट माहिती घेऊन उद्या ये. केसपेपर निघालाच नाही. दुसऱ्या दिवशी गोदूआजीला न्यायची गरज उरली नव्हती.

ही हकिगत बाईंनी मला एकदाच सांगितली, तीही डबा खाता खाता, फारसा आवाज न बदलता. पण तेव्हा मला त्यांच्या त्या रीतीचा अर्थ कळला. प्रोग्रॅम बँकेचा असो, विमान कंपनीचा असो, शेवटी त्यात एक नोंद घालून बघायचीच: नाव गोदूआजी, आडनाव नाही, वय एकशे एक. प्रोग्रॅमने तिला नीट आत घेतले तर तो पास. तिला परत पाठवले तर कागद फाडून पुन्हा पहिल्यापासून. परदेशी गिऱ्हाइकांच्या कितीतरी कामांतून आमची ही घाटकोपरची म्हातारी हिंडून आली.

बाईंची इच्छा एकच होती. घाटकोपरच्या ज्या इस्पितळाच्या खिडकीवरून गोदूआजी परत गेली, तिथे रोग्यांची नोंद करणारा प्रोग्रॅम आपण लिहून द्यायचा, आपल्या माणसांनी, फुकट. कंपनीने हो म्हटले होते. हो म्हणायला काय लागते? पाच जणांची टोळी द्यायचे ठरले आणि हातात आहे ते निर्यातीचे काम संपले की लगेच, असेही ठरले.

काम संपायचे, टोळी तयार व्हायची आणि मग तिकिटे यायची. परदेशी गिऱ्हाइकाला नुसता प्रोग्रॅम नको असे, प्रोग्रॅम लिहिणारा माणूस हवा असे, तोही आपल्या कचेरीत आणून बसवलेला. पहिल्या टोळीतून बोरिवलीचा विलास गेला. तो आमच्यात सगळ्यात हुशार. इस्पितळाच्या प्रोग्रॅमचा अर्धा आराखडा त्याच्याच हातचा होता. मग एकेक करत बाकीचे गेले. बाईंनी दुसरी टोळी शिकवली, तीही गेली. जाणारा पेढे घेऊन यायचा, बाईंच्या पाया पडायचा आणि बाई त्याला पिठलं कसं करायचं ते लिहून द्यायच्या. त्याच्या मागे त्याच्या आईवडिलांकडे त्या जायच्या. विलासच्या आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले तेव्हा तिच्या डोळ्यांत थेंब घालायला त्या ऑफिस सुटल्यावर मुलुंडच्या आपल्या घरी न जाता आधी बोरिवलीला जात. मुंबईच्या भूगोलाची माहिती असलेल्यांना हे काय प्रकरण आहे ते कळेल. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात त्या शेजारी बसून तिच्याकडून गावाकडची भीमगीते म्हणवून घेत, आणि आई गात असे. त्या दिवसांत ती माझ्याशी फारशी बोलतही नव्हती.

तिसरी टोळीही फुटली तेव्हा बाई व्यवस्थापकांकडे गेल्या. मी सोबत होतो. साहेब मोठ्या प्रेमाने म्हणाले, "बाई, तुमच्या हाताखालचा माणूस म्हटलं की तिकडे डोळे मिटून घेतात."

"मग मला एखादा डोळे उघडे ठेवून इथे ठेवू द्या ना," बाई म्हणाल्या.

साहेबांनी विषय बदलला. तुम्हीच का जात नाही परदेशी, असे विचारले. बाईंनी सांगितले, की मलाही जायचे आहे, पण घाटकोपरला. साहेब हा विनोद समजून हसले. बाजारात भाजी खपावी तशी आपली मुले खपत होती आणि भाव चांगला आला म्हणून आम्ही सगळे खूश होतो. मला तेव्हाही याचा संताप यायचा आणि आजही येतो.

शेवटी बाई आणि मी, दोघांनीच तो प्रोग्रॅम पुरा केला. हातचालवणी झाली, गोदूआजी आत गेली. बाईंच्या निवृत्तीला थोडे दिवस उरले होते. रिकाम्या वेळात यंत्रावर तो एकदा चालवायची परवानगी कशीबशी मिळाली, छापील कागदांची चळत निघाली आणि ती कापडी पिशवीत घालून बाई फाटकावर आल्या. वसाहतीच्या फाटकावर सगळ्यांच्या पिशव्या तपासत. तिथल्या अधिकाऱ्याने कागद अडवले. इथे तयार झालेला माल देशात न्यायचा तर आयातीची परवानगी लागेल, तो म्हणाला.

"अंधेरीहून घाटकोपरला आयात?" बाईंनी विचारले.

माणूस वाईट नव्हता. तो ओशाळून म्हणाला, "मॅडम, नियमानं या फाटकाच्या आत परदेशच आहे."

कागद तिथेच राहिले. परवानगीचा अर्ज बाईंनी केला, त्याचे उत्तर यायच्या आधी त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात त्यांना शाल, श्रीफळ आणि परदेशी बनावटीचे घड्याळ मिळाले.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर संपादकांचा गोडवा थोडाफार तरी राखला गेला असता. पण मागच्या वर्षी त्याच इस्पितळाने परदेशातला एक तयार प्रोग्रॅम विकत घेतला. खिडकीवरच्या कारकुनांना समजावून द्यायला कुणीतरी हवे होते, म्हणून बाईंना बोलावले. बाई मला घेऊन गेल्या. विकणाऱ्या कंपनीचा तरुण प्रतिनिधी पडद्यावर नमुन्याच्या नोंदी दाखवत होता: स्मिथ, जोन्स, ब्राउन. सगळ्यात शेवटी इंग्रजी अक्षरांत एक नाव आले, गोदूआजी. आडनावाची जागा रिकामी. प्रतिनिधी म्हणाला, हा काहीतरी आतला कोड असावा.

बाईंनी खुर्चीचा हात धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते आणि ते आनंदाचे होते, हे मी शपथेवर सांगतो. आपली मुले विसरली नाहीत, एवढेच त्यांना त्या क्षणी दिसत होते. मला शेजारचा आकडा दिसला. वय: शून्य एक. वयाला रकाने दोनच होते. एकशे एकातला पहिला एक बाहेर गळून पडला होता आणि गोदूआजी एक वर्षाची झाली होती.

बाईंना ते दिसले तेव्हा त्यांनी प्रतिनिधीला शांतपणे विचारले, की हे दुरुस्त करता येईल का. तो म्हणाला, आत हात घालता येत नाही, सगळे बंद करून दिलेले असते, तिकडे कळवावे लागेल. कळवले. अजून कळवतोच आहोत. दरम्यान माहुलची एक खरीखुरी शंभरी ओलांडलेली कोळीण त्या खिडकीवर आली. तिला छापील चिठ्ठी मिळाली ती लहान मुलांच्या विभागाची. तिचा पंचाहत्तरीचा मुलगा तिला हाताला धरून, कडेवर बाळे घेतलेल्या आयांच्या रांगेत दुपारपर्यंत उभा होता.

तेव्हापासून बाई रोज सकाळी त्या खिडकीशी खुर्ची टाकून बसतात. शंभरी ओलांडलेले कितीसे येणार? महिनोन् महिने कुणी येत नाही. पण पत्ता नसलेले, वय ठाऊक नसलेले येतात, यंत्र त्यांना अडवते आणि बाई पेनाने चिठ्ठीवर लिहून त्यांना आत पाठवतात.

गेल्या डिसेंबरात विलास सुट्टीवर आला, मुलुंडला बाईंना भेटायला गेला, मीही होतो. चॉकलेटांचा डबा त्याने बाईंच्या पुढ्यात ठेवला. तो प्रोग्रॅम त्याच्याच हाताखालच्या माणसांनी लिहिला होता. बाईंनी वयाच्या रकान्याचे विचारले. तो सरळपणे म्हणाला, "बाई, क्लायंटनं जागा वाचवायला सांगितली. दोनच ठेवा म्हणाला. मी काय करणार?"

"आणि गोदूआजीला ठेव असं कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही," विलास म्हणाला. "सवय हो, बाई."

बाईंनी डबा बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "नाव तेवढं नेलंस रे. जागा इथेच ठेवून गेलास." आणि उठून त्याच्यासाठी चहा टाकायला आत गेल्या. विलास हा लेख वाचेल. त्याने वाचावा म्हणूनच हे लिहिले आहे.

बाई, आपल्याला साठ वर्षे पूर्ण झाली. आमच्या घरात एवढ्याचेही अप्रूप होते, हे मी आपल्याला पहिल्याच भेटीत सांगितले होते. मी मात्र आपल्यासाठी एवढ्यावर समाधान मानणार नाही. आपण निरोगी राहा, ताठ चाला, शंभरी ओलांडा. तोवर तो तिसरा रकाना कुणी परत आणून देईल अशी आशा मी धरत नाही. त्या खिडकीवर ज्या दिवशी यंत्र आपल्याला एक वर्षाचे ठरवील, त्या दिवशी गळून पडलेला पहिला एक लिहायला मी पेन घेऊन शेजारी उभा असेन.