गाडीचा वाटा

फोन मानपाड्याहून, वन्संच्या कारखान्यातून आला. जेवणं उरकून मी ओटा पुसत होते. पलीकडचा माणूस बराच वेळ मोटरसायकलबद्दलच बोलत राहिला. ताईंची गाडी आत शेडमध्ये घेतलीय, चावी वॉचमनकडे दिलीय, गाडीची काळजी करू नका... शेवटी मीच म्हटलं, "अहो, पण ताई कुठे आहेत?"  छातीत दुखायला लागलं म्हणून डोंबिवलीला इस्पितळात नेलंय, तुम्ही या, एवढंच म्हणाला. आम्ही पोहोचलो तोवर सगळं संपलं होतं. तिसऱ्या दिवशी टेम्पोत घालून गाडी कोपरीला घरी आणली. ती चालवणारं आमच्या घरात आता कोणी उरलं नव्हतं.

वन्सं म्हणजे शैला, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होत्या. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा, खरं सांगायचं तर, मला सासूपेक्षा नणंदेची धास्ती वाटायची. चहात साखर कमी पडली तर त्या बोलत नसत, नुसत्या कपाकडे बघत. पुढे कळलं की त्या सगळ्याकडेच तशा बघायच्या, कपाकडे, बिघडलेल्या इस्त्रीकडे, माणसांकडे. काय चुकलंय ते शोधत असायच्या.

मोटरसायकल तेव्हा चाळीच्या जिन्याखाली गोणपाटाखाली उभी असायची. लाल टाकी, दोन सायलेन्सर, आणि किक मारायची नि गिअर टाकायची दांडी एकच. सासऱ्यांनी ती जुनीच घेतली होती. ते गेले त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि तेवढीच वर्षं ती हलली नव्हती. घरातून दोन-तीनदा विकण्याची गोष्ट निघाली, पण सासूबाई ऐकून न ऐकल्यासारखं करत. मात्र दसऱ्याला गोणपाट निघायचं, गाडी पुसली जायची, हँडलला झेंडूचा हार, पुढच्या दिव्याला हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. बंद गाडीची एवढी बडदास्त मी पहिल्यांदाच पाहिली. त्या पहिल्या दसऱ्याला मी आणखी एक पाहिलं होतं, पण नव्या सुनेनं सगळंच पाहायचं नसतं म्हणून गप्प बसले.

त्या हिवाळ्यात वन्संना सकाळी सहाची पाळी लागली. डोंबिवली स्टेशनपर्यंत त्या वेळेत पोहोचायच्या, पण पुढे मानपाड्याकडे जाणाऱ्या बसचा काही नेम नसे आणि रिक्षा माणसं भरल्याशिवाय हलत नसे. दोनदा उशीर झाला. हा महिना चालवून घेतो, पुढच्या महिन्यात एकदा जरी झाला तर येऊ नका, असं साहेबांनी तोंडावर सांगितलं. घरात आमच्या यांचा पगार बेताचा. नवीन स्कूटरला नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे, आणि नंबर लागला तरी पैसे कुठून आणायचे. त्या रात्री जेवताना वन्सं म्हणाल्या, "आई, मी बाबांची गाडी चालू करते."

सासूबाईंनी भात कालवणं थांबवलं. "पोरीच्या जातीनं..." म्हणाल्या आणि पुन्हा भात कालवायला लागल्या. मग म्हणाल्या, "रंग नको बदलू तिचा."

खोपटला डेपोमागे गफूरभाईंचं गॅरेज होतं. नवे पार्ट परवडणार नाहीत, सुट्टीच्या दिवशी मी स्वतः हात काळे करीन, तुम्ही फक्त सांगा, असं वन्संनी त्यांना आधीच बजावलं. पहिल्या दिवशी किक हललीच नाही. पिस्टन जाम. प्लग काढून त्या भोकातून रॉकेल ओतलं आणि चार दिवस तसंच ठेवलं. टायर कुणाच्या तरी भंगार गाडीचे मिळाले. कार्बुरेटरचे सुटे भाग वन्संनी घरी आणले आणि माझ्या रुखवतातल्या स्टीलच्या वाटीत रॉकेलमध्ये भिजत घातले. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "सुनंदा, एक वाटी गेली समज." वाटीच्या बुडाला त्यांनी खिळ्यानं फुली मारली, चुकून कुणी आमटी वाढून घेऊ नये म्हणून.

सगळं जागच्या जागी बसलं तरी गाडी चालू होईना. फुरफुरायची आणि मरायची. महिना संपायला आठवडा उरला होता. गफूरभाईंनी टाकी उतरवून आत बोट घातलं आणि ते वर धरलं. बोटाला काळपट, चिकट थर. "ताई, कुणीतरी साखर टाकलीय टाकीत. दुश्मनी आहे काय कुणाशी?"

घरी येऊन वन्सं शेजाऱ्यांची यादी करायला बसल्या. पाण्याच्या नळावरून भांडलेले, जिन्याखालची जागा हवी असलेले. समोरच्या बिऱ्हाडावर त्यांचा संशय पक्का झाला आणि त्या चपला घालून निघाल्या, तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी त्यांना मोरीपाशी ओढलं. "वन्सं, थांबा. साखर नाहीये ती. नारळाचं पाणी आहे."

दसऱ्याला मी पाहिलं होतं ते हेच. नारळ फोडल्यावर सासूबाईंनी वाटीभर पाणी टाकीत ओतलं, नमस्कार केला आणि झाकण लावलं. सासरे असताना म्हणे पूजेनंतर दोन वाट्या पाणी मागायचे, एक माझी आणि एक हिची, म्हणून. गाडीचा वाटाही तेच पिऊन टाकायचे. पिणारं माणूस गेल्यावर सासूबाईंनी तो वाटा जिचा तिला द्यायला सुरुवात केली. अकरा दसरे.

वन्सं मोरीच्या कठड्यावर बसल्या. आधी हसल्या, मग पदर तोंडाला लावून रडल्या. त्यांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं. "आईला कळता कामा नये," त्या म्हणाल्या. "कळलं तर मरेल ती."

मग आम्ही दोघींनी गच्चीवर टाकी नेली. आत मूठभर बारीक खडी आणि रॉकेल घातलं, टाकी चादरीत गुंडाळली आणि दोन टोकं धरून हलवत बसलो. सासूबाई वर आल्या. काय चाललंय म्हणाल्या. "गंज काढतोय," वन्सं म्हणाल्या, "पत्रा जुना झाला की धरतोच." तीन दुपारी आम्ही टाकी हलवली. आमची मैत्री झाली ती तिथे.

पहिल्या तारखेला पहाटे गाडी पाचव्या किकला सुरू झाली. सगळी चाळ धुरानं भरली. पंजाबी ड्रेस, डोक्याला स्कार्फ, आणि मुंब्र्यावरून शीळफाट्याकडे वळून मानपाडा. हजेरी वेळेत लागली आणि पुढे बारा-तेरा वर्षं लागत राहिली. रस्त्यानं पोरं काहीबाही ओरडायची. वन्सं म्हणायच्या, "अगं, आवाजच एवढा आहे गाडीचा, ऐकू कुणाला येतंय."

पुढच्या दसऱ्याला सासूबाई नारळाचं पाणी घेऊन टाकीकडे वळल्या, तर वन्सं फुलीची वाटी पुढे करून उभ्या. "आई, ह्यात दे. बाबा प्यायचे ना हिचा वाटा? आता मी पिणार." घटाघट पाणी प्यायल्या, टाकीवर थाप मारून म्हणाल्या, "झालं, पोट भरलं हिचं." मग माझ्या कानात, "रॉकेलचा वास जात नाही गं ह्या वाटीचा." दर दसऱ्याला हेच, अगदी ह्याच शब्दांत.

परवा दसरा झाला. यंदा काही करू नये असं हे म्हणत होते, पण सासूबाईंनी स्वतः गाडी पुसली. हार नाही, हळदकुंकू नाही. नुसता नारळ फोडला आणि आत जाऊन फुलीची वाटी शोधून आणली. पाणी ओतून त्या टाकीसमोर उभ्या राहिल्या. मी पटकन पुढे सरकले... आता झाकण उघडतात की काय.

"घाबरू नकोस," त्या म्हणाल्या. "टाकीची वाट मी लावलेली, ते तेव्हाच कळलं मला. गच्चीवर तुम्ही दोघी चादर धरून बसलेलात ना, जिन्यात वास आलेला नारळाचा. आंबलेला. शैलानं मला एका शब्दानं बोलून नाही दाखवलं. मग मीपण नाही दाखवलं."

आणि वाटी माझ्यापुढे धरली.  मी प्यायले. रॉकेलचा वास खरंच होता, किंवा मला आला. वाटी खाली ठेवली तरी सासूबाई हलेनात. टाकीवर हात ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हटलं. "पोट भरलं हिचं."