तारांआधीचा हुंकार

सायखेड्याचे बहिरू सुतार गिटार बनवतात. ज्या आवाजाचं कारण कळलं नाही, तो आवाज घेऊन त्यांची गिटार कधी दाराबाहेर पडली नाही. तसा आवाज आला, की ते गिटारीचा खोका उकलून पुन्हा जोडतात.

वैष्णवीनं वारलेल्या वडिलांच्या पलंगाची सागवानी फळी गिटारीसाठी आणून दिली होती. लाखेच्या पॉलिशचा शेवटचा हात चालू असताना ती दारात आली.

"काका, झाली का?"

गिटार आतून हुंकारली. तारा अजून बसवल्याच नव्हत्या. बहिरूंनी बोलून पाहिलं, खोकून पाहिलं, गिटार गप्प. वैष्णवी बोलली, की पुन्हा हुंकार.

त्यांनी पटाशी उचलली. "पोरी, खोट हाय. उकलावी लागल."

"नका उकलू. पप्पा असंच 'हं' म्हणायचे."

बहिरूंनी पटाशी खाली ठेवली. "आन् तारा?"

"नकोत," म्हणत तिनं गिटार छातीशी धरून नेली.