सुभद्राबाईंचं बियाणं आणि कॅमेऱ्याची पेटी

मे महिन्यात भंडारा जिल्ह्यात जाणार म्हटल्यावर घरच्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तापल्या तव्यावर बसायला निघालेय. आमच्या ह्यांनी तर स्पष्टच सांगितलं, "तू जा. मी इथे साताऱ्यात बसून तुझी काळजी करतो." पंख्याखाली बसून काळजी करायला काय जातंय!

निमित्त होतं माझी भाची ऋजुता. कृषी अभियांत्रिकी शिकलेली ही पोरगी दोन वर्षांपासून तुमसरला राहते आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने धानाचे, म्हणजे भाताचे, दाणे ओळखणारी कसलीशी पेटी बनवते. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे माझ्या लेखी सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी येणारे, सहा बोटांच्या हातांनी नमस्कार करणारे फोटो. हे मी तिला बोलून दाखवलं. त्यावर ती म्हणाली, "मावशी, इथल्या सिहोरा गावच्या बायका या आठवड्यात बियाणं ठरवणार आहेत. ये, बघ आणि मग बोल." पस्तीस वर्षं पोस्टात काढलेली मी. आलेलं टपाल परत पाठवायची सवय नाही, म्हणून तिकीट काढलं.

जाणाऱ्यांसाठी आधी माहिती. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी गाडी साताऱ्याला संध्याकाळी मिळते आणि दुसऱ्या संध्याकाळी तुमसर रोडला उतरवते. गाडी बदलायची कटकट नाही. स्लीपरचं भाडं हजाराच्या आत आहे, पण उन्हाळ्यात जात असाल तर एसीचे पैसे वाचवू नका. मी वाचवले आणि वर्ध्यानंतर माझी भाकरी भाजून निघाली. स्टेशन गावापासून चार-पाच किलोमीटरवर आहे, बाहेर शेअर ऑटो उभेच असतात.

"कायले आल्या बाई एवढ्या उनात?" ऑटोवाल्याने विचारलं.

"धान बघायला."

"आता? आता तं बांध्या उघड्या पडल्या आहेत. रोवणीच्या टायमाले या, मंग पाहा हिरवंगार!" रोवणी म्हणजे भाताची लावणी आणि बांधी म्हणजे बांध घातलेलं भाताचं शेत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ती भेगाळून पडली होती, आणि तरी मला ती आवडली.

लॉजमध्ये एसी आहे का हे विचारण्याऐवजी कूलरमध्ये पाणी आहे का ते विचारा. पाणी होतं. मी मेल्यासारखी झोपले.

सकाळी तर्री पोहे. पोह्यांवर चण्याचा लालभडक रस्सा ओततात आणि आपण नाही म्हणायच्या आत दुसऱ्यांदा ओततात. नाक पुसत पुसत ऋजुताबरोबर एका राईस मिलमध्ये गेले. तुमसर हे भात गिरण्यांचं गाव, हवेतही कोंड्याचा वास. मिलमध्ये कपाटाएवढं एक मशीन होतं. वरून तांदूळ धो धो पडतो, मध्ये कॅमेरे प्रत्येक दाणा बघतात आणि काळा, पिवळा किंवा खडा दिसला की हवेचा फटका मारून तेवढाच बाहेर उडवतात. मी चष्मा काढून, घालून, परत काढून पाहिलं. एक दाणा दिसेल तर शपथ! पण उडालेल्यांचा ढीग बाजूला साचत होता, आणि त्यात चांगला दाणा शोधूनही सापडला नाही. मी एरवी पटकन भारावत नाही. इथे भारावले.

"हे मोठ्यांचं," ऋजुता म्हणाली. "आमची पेटी गरिबाघरची आहे." तिची पेटी बुटाच्या खोक्याएवढी आहे. आत दिवा, खाली ताट, वर मोबाईल. ताटात धान पसरायचं, फोटो काढायचा. ओळखीच्या दाण्याभोवती पडद्यावर हिरवं वर्तुळ येतं, परक्याभोवती लाल.

पहिल्या वर्षी या पेटीने चांगलाच घोळ घातला होता. ती लांब दाण्याच्या तांदळावर शिकलेली होती. इथला चिन्नोर बारीक, आखूड आणि वासाचा. पेटीने अख्ख्या चिन्नोरला तुकडा ठरवलं. तेव्हा सिहोऱ्यात चिन्नोर पिकवणाऱ्या सुभद्राबाईंनी ऋजुताला उभ्या उभ्या झापलं होतं, "पोरी, हा तुकडा नोहे. हा एवढाच असते. तुह्या डब्ब्याले कोणी सांगतलं नाही का?" आणि मग स्वतःच सांगायला बसल्या. अख्खा एक हंगाम ही बाई दुपारच्या दुपारी दाणे निवडून वेगवेगळे ढीग घालत होती, ऋजुता त्यांचे फोटो काढत होती, आणि पेटी शिकत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने सिहोऱ्याला. तुमसरहून साधारण तासाभराचा रस्ता. पुढे चांदपूरचा तलाव आहे, तो उन्हं चढायच्या आत बघून घ्या. आम्ही घेतला, आणि नऊच्या सुमारास गावातल्या शाळेत पोचलो. सुट्टी असल्यामुळे बायकांच्या बचत गटाला एक वर्ग मिळाला होता. किल्ली घेऊन आलेले गुरुजी बोलके निघाले. त्यांनी मोबाईलवर मला कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घेतलेली गणितं दाखवली. "पहिले हे मेट्रोचे हिशेब देत होतं," ते म्हणाले. "मी म्हटलं, बाबा, आमच्या पोरायनं मेट्रो पाह्यली नाही, बांधीतले पऱ्हे मोजाले दे. आता बरोबर देते." पऱ्हे म्हणजे भाताची रोपं. एक गणित त्यांनी मला घातलं आणि माझं चुकलं.

वर्गात अकरा बायका होत्या. मधोमध सुभद्राबाई, पासष्टीच्या, ताठ. "जय भीम" म्हणून त्यांनी मला शेजारी बसवलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. गटातल्या सगळ्याजणी चिन्नोर लावतात, आणि वर्षानुवर्षं सगळ्यांचं बियाणं सुभद्राबाईंच्या घरून जातं. त्यांच्या दाण्यात भेसळ नसते, ही गावातली ठरलेली गोष्ट. या वर्षी पहिल्यांदाच प्रत्येकीने आपापल्या घरचा नमुना आणायचा आणि पेटी सांगेल ते बियाणं गटाने लावायचं असं ठरलं होतं. ठरवलं होतं सुभद्राबाईंनीच. भेसळीचं बियाणं गेलं तर अकरा घरांच्या बांध्यांत दोन जातींचं धान उभं राहणार, एक आधी पिकणार, एक मागून, आणि मिलवाला ते चिन्नोर म्हणून घेणार नाही.

पहिला नमुना अर्थातच त्यांचा. ताट आत गेलं. ऋजुताने फोटो काढला आणि पडदा ओढणीने पुसून पुन्हा पाहिला. मी वाकून पाहिलं. हिरव्यात लाल वर्तुळं होती. एखाददुसरं नाही, गोवरासारखी उठली होती.

"परत कर," कुणीतरी म्हणालं. परत केलं. दुसरी मूठ घेतली. तेच.

"मशीन बिघडलं असंन," एकजण म्हणाली.

"हो ना, उनाचं असंन," दुसरीने री ओढली.

खरं सांगते, ती पेटी बिघडलेली असावी असंच मला वाटत होतं.

सुभद्राबाईंनी लाल वर्तुळातले चार दाणे वेचून घेतले. डोळ्यांशी नेले, लांब धरले. मग बोटांत चोळत राहिल्या. शेवटी त्यांनी ते शेजारी बसलेल्या मीराबाईंच्या हातावर ठेवले. मीराबाई त्यांची धाकटी जाऊ.

"मले हे आता दिसून नाही राहिलं. तू पाह्य."

मीराबाईंनी नखाने एक दाणा सोलला. दुसरा सोलला. मान वर करेनात.

"काय आहे? सांग ना."

"बाई, हा चिन्नोर नोहे," मीराबाई हळूच म्हणाल्या.

"पण मशीन..." ती मघाची बाई पुन्हा सुरू झाली.

"मशीन मशीन करू नको," सुभद्राबाई म्हणाल्या. "मीच शिकवलं ना त्याले? मंग ते माह्या तोंडावर खोटं कायले बोलंन?"

मग त्यांनीच सगळं सांगितलं. मागच्या वर्षी डोळ्यात मोतीबिंदू. दर वर्षी बियाण्याचं धान त्या वेगळं, हाताने झोडपून काढायच्या. मागच्या वर्षी भाड्याच्या मळणी यंत्रातून काढलं. आधी ते दुसऱ्याच्या शेतावर चाललं होतं, तिथलं धान पोटात घेऊनच आलं. "मले वाटलं, एवढ्यानं काय होते," त्या म्हणाल्या.

बाकीचे नमुने झाले, त्यांतही कुठे ना कुठे लाल निघालं. मीराबाईंच्या ताटात सगळी वर्तुळं हिरवी. तीनदा पाहिलं, तीनदा हिरवी.

सुभद्राबाई उठल्या, जावेसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी पदर पुढे पसरला. "मीरा, औंदा बियाणं तुह्या घरचं."

मीराबाई रडायलाच लागल्या. "बाई, तुमचंच तं आहे हे! तीन वर्साआधी तुमीच देल्लं होतं मले, त्यातलं थोडं मी घरी वेगळं राखत आली."

"माहं असतं तं माह्या घरी बिघडलं असतं का? तूनं राखलं. तुहं आहे. दे."

मीराबाईंनी पदरात ओंजळभर धान घातलं. माझे डोळे भरून आले होते, ते मी तर्रीवर ढकलू शकत नव्हते, तर्री आदल्या दिवशीची होती.

जेवण सुभद्राबाईंकडे झालं. भात, लाखोळीच्या डाळीचे वडे आणि कैरीचं पन्हं. त्या नेहमीसारख्या वाढत होत्या, हसत होत्या, पण स्वतः फारसं जेवल्या नाहीत. निघताना त्यांनी मला दोन किलो तांदूळ बांधून दिला. "बियाण्याले नाही चालत," म्हणाल्या, "खायाले एक नंबर."

साताऱ्यात येऊन तो शिजवला. वासाने शेजारीण डोकावली. भेसळ कुठली आणि चिन्नोर कुठला, माझ्या जिभेला काही कळलं नाही. ह्यांनी तीनदा भात घेतला आणि काळजी करून करून भूक लागली होती असं सांगितलं.

तिथून आल्यापासून मला पेटीपेक्षा त्या बाईचंच जास्त आठवतं. पेटी खरोखर भारी आहे, भाचीची आहे म्हणून म्हणत नाही. पण चूक दाखवणारं काहीतरी स्वतःच्या हाताने घडवायचं, त्याच्यापुढे पहिलं ताट स्वतःचं ठेवायचं आणि सगळ्यांसमोर लाल वर्तुळं आली तरी त्याच्याच बाजूने बोलायचं, हे मला जमलं नसतं. मी आठ दिवस भांडले असते.

परवा ऋजुताचा फोन आला. मीराबाईंचं बियाणं अकरा घरी वाटून झालं. आणि सुभद्राबाई पुन्हा पेटीपाशी येऊन बसल्यात. आपल्या पोत्यातले ते परके दाणे त्यांनी मीराबाईंना घेऊन एकेक करून वेचले, शिकवण्यासाठी वेगळा ढीग घातला. पुढच्या वेळी पेटीने नुसतं 'परका' म्हणू नये, तो दाणा नावानिशी ओळखावा, अशी त्यांची अट आहे. ऋजुताने विचारलं, पेटीत नाव काय घालू?

"त्यात काय इचारतं?" सुभद्राबाई म्हणाल्या. "लिही, सुभद्राच्या घरची भेसळ."